अनिश्चिततेत सर्वोत्तम निर्णय शोधताना या चुका टाळा

ऑप्टिमायझेशनचे, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वोत्तम निर्णय शोधण्याचे, सॉफ्टवेअर आता कोणत्याही लॅपटॉपवर चालते आणि एक्सेलमधील सॉल्व्हरही लहान प्रश्न क्षणात सोडवतो. त्यामुळे आजच्या चुका गणिताच्या पद्धतीत फारशा राहिलेल्या नाहीत, तर प्रश्न मांडण्यात आहेत. निर्णय घेताना जी माहिती हाती नव्हती ती मांडणीत नकळत शिरते, किंवा जो आकडा मुळात डळमळीत आहे तो पक्का समजून यंत्राला दिला जातो. हे नेमके कुठे घडते ते दाखवण्यासाठी सबंध लेखात एकच काल्पनिक हिशेब वापरला आहे, आणि त्यातील प्रत्येक आकडा वाचकाला कागदावर पडताळता येईल.

गणेश चतुर्थीला एक दुकान उकडीचे मोदक विकते. एका नगाचा खर्च १२ रुपये, विक्री ३६ रुपयांना, आणि दिवसअखेर उरलेल्या मोदकाला किंमत नाही. मागणी ६००, ८००, १०००, १२०० किंवा १४०० नग असू शकते आणि या पाचही शक्यता समान आहेत. किती मोदक करायचे, हे मागणी कळण्यापूर्वी ठरवावे लागते. या जातीचा प्रश्न जुना आहे. बँकेने ठेवीदारांसाठी किती रोकड राखावी, या स्वरूपात तो अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्येच मांडला होता.

सरासरी घालून प्रश्न सोडवणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. सरासरी मागणी १००० आहे, म्हणून १००० मोदक करावेत आणि नफा २४,००० रुपये धरावा, असा आराखडा तयार होतो. प्रत्यक्षात १००० मोदक केले, तर मागणी ६०० किंवा ८०० असताना माल उरतो, आणि १२०० किंवा १४०० असतानाही विक्री १००० वरच थांबते. पाच शक्यतांची सरासरी विक्री ८८० भरते आणि अपेक्षित नफा, म्हणजे पाचही शक्यतांतील नफ्याची सरासरी, १९,६८० रुपये होतो. आराखड्यातील नफा आणि हाती येणारा नफा यांत ४,३२० रुपयांचे अंतर आहे, आणि ते नशिबामुळे पडलेले नाही. विक्री मागणीबरोबर खाली येते, परंतु साठ्याच्या वर जाऊ शकत नाही. अशा वाकलेल्या संबंधात सरासरी मागणीवरचा नफा आणि नफ्याची सरासरी एक नसतात. गणितज्ञ येन्सेन यांची १९०६ मधील असमानता हेच सांगते.

योग्य उत्तर खर्चाच्या तोलातून निघते. एक मोदक कमी पडला तर २४ रुपयांचा नफा हुकतो, एक उरला तर १२ रुपये जातात. म्हणून मागणी साठ्याइतकी किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता दोन तृतीयांश गाठेपर्यंत साठा वाढवत न्यावा. १००० वर ती ०.६ आहे, १२०० वर ०.८, म्हणजे उत्तर १२००, आणि अपेक्षित नफा २०,१६० रुपये. प्रत्येक शक्यतेचे स्वतंत्र उत्तर काढून त्यांची सरासरी घेण्याचा मार्ग काहींना अधिक काळजीपूर्वक वाटतो, पण तो पुन्हा १००० वरच आणून सोडतो.

विक्रीच्या नोंदीला मागणी समजणे

ही चूक मला सरासरीच्या चुकीहून घातक वाटते, कारण ती दरवर्षी स्वतःला खरी ठरवत जाते. दुकान १००० मोदक करत असेल, तर वहीत ६००, ८००, १०००, १०००, १००० अशाच नोंदी पडतात. माल संपल्यावर परत गेलेल्या गिऱ्हाइकांची नोंद कुठेच नसते. त्या वहीची सरासरी ८८० येते. पुढे ८८० केले, की नोंदींची सरासरी ८०८ वर उतरते, आणि साठा असाच घसरत राहतो, प्रत्येक टप्प्यावर ‘आकडेवारीच्या आधारे’. औषधांचा साठा असो वा बसच्या फेऱ्या, जिथे पुरवठा संपू शकतो तिथे हे होते. उपाय साधा आहे: माल किती वाजता संपला ते लिहून ठेवावे, नाकारलेल्या ऑर्डरी मोजाव्यात, आणि माल संपलेल्या दिवसाचा आकडा ‘मागणी किमान एवढी’ असाच वाचावा.

आराखड्याला भविष्य दिसू देणे

शीटमध्ये प्रत्येक शक्यतेसाठी एक स्तंभ केला आणि साठ्याचा चल, म्हणजे सॉल्व्हरने ठरवायचा आकडा, प्रत्येक स्तंभात वेगळा ठेवला, तर सॉल्व्हर ६०० च्या मागणीला ६०० मोदक करतो आणि १४०० ला १४००. उत्तर २४,००० रुपये येते आणि करणारा खूश होतो. चूक ओळखण्याची खूण ही, की मिळालेला आकडा पूर्ण माहितीच्या नफ्याशी, म्हणजे मागणी आधीच कळली असती तर झालेल्या सरासरी नफ्याशी, तंतोतंत जुळतो. मागणी कळण्याआधी घ्यायच्या निर्णयाचा चल सर्व स्तंभांत एकच असला पाहिजे. तशी अट स्पष्टपणे लिहावी, ती समजून घेतली जाईल असे मानू नये.

पडताळणीसाठी मॅडान्स्की यांनी १९६० मध्ये दिलेला क्रम उपयोगी पडतो: पूर्ण माहितीचा नफा, अनिश्चितता धरून काढलेल्या आराखड्याचा नफा आणि सरासरीवरच्या आराखड्याचा प्रत्यक्ष अपेक्षित नफा, हे तीन आकडे याच उतरत्या क्रमाने यावेत. इथे ते २४,०००, २०,१६० आणि १९,६८० आहेत. क्रम उलटला, तर मांडणीत चूक आहे हे निश्चित समजावे. त्यातील अंतरेही बोलकी आहेत. मागणीचा अचूक अंदाज विकणाऱ्याला ३,८४० रुपयांहून जास्त देण्यात अर्थ नाही; आणि अनिश्चिततेचा सगळा खटाटोप इथे फक्त ४८० रुपये मिळवून देतो. काही प्रश्नांत हे दुसरे अंतर इतके लहान असते, की सरासरीवर काम भागवणेच शहाणपणाचे ठरते, आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही.

दुरुस्तीची संधी विसरणे

समजा, सकाळी मागणीचा अंदाज पक्का झाल्यावर कमी पडणारे मोदक नगामागे १८ रुपये खर्चाने तातडीने करून घेता येतात. आता कमी पडण्याची शिक्षा नगामागे ६ रुपयांवर आली, उरण्याची मात्र १२ च राहिली. त्यामुळे आधी करायचा साठा १२०० वरून ८०० वर उतरतो आणि अपेक्षित नफा २२,०८० रुपये होतो. दुसऱ्या टप्प्याची सोय केवळ नफ्यात भर घालत नाही, पहिल्या टप्प्याचा निर्णयच बदलते. डँझिग आणि बील यांनी १९५५ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या दोन टप्प्यांच्या लिनिअर प्रोग्रॅमिंगचा (सरळ रेषेतील संबंधांवर चालणाऱ्या ऑप्टिमायझेशनचा) गाभा हाच आहे. व्यवहारात मात्र आराखडा करणाऱ्याला जादा पाळी, उसना माल, उशिरा पोचवण्याची मुभा अशा सोयींची माहितीच दिली जात नाही, आणि मग तो गरजेपेक्षा भारी साठा सुचवतो.

भीतीची किंमत न मोजणे

सर्वांत वाईट शक्यतेत जास्तीत जास्त नफा हवा, असे म्हटले तर उत्तर ६०० मोदक येते. १४,४०० रुपये खात्रीचे मिळतात, पण अपेक्षित नफ्यातून ५,७६० रुपये सोडावे लागतात. उलट केवळ अपेक्षित नफा पाहून १२०० मोदक केले आणि मागणी ६०० निघाली, तर हाती ७,२०० रुपयेच येतात. त्या दिवशी ८,००० रुपयांचा हप्ता भरायचा असेल, तर हे परवडणारे नाही. दोन टोकांपैकी एक निवडण्याची सक्ती मात्र कुणीच केलेली नाही. ‘कोणत्याही परिस्थितीत ८,००० रुपये सुटले पाहिजेत’ अशी अट घातली, की साठा ११३३ वर थांबतो आणि अपेक्षित नफा केवळ १६१ रुपयांनी घटतो. विम्याचा एवढा हप्ता कुणीही आनंदाने भरेल. सॉयस्टर यांची १९७३ मधील पद्धत प्रत्येक आकडा एकाच वेळी वाईट धरत असे. बर्टसिमस आणि सिम यांनी २००४ मध्ये किती आकडे एकदम बिघडू शकतात याची मर्यादा निर्णयकर्त्याच्या हाती दिली, ती याच कारणासाठी.

इथेच आणखी एक चूक होते. ‘प्रत्येक अट ९५ टक्के पाळली जावी’ असे लिहून सर्वच अटी ९५ टक्के पाळल्या जातील असे धरले जाते. दहा अटी एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर त्या सर्व एकदम पाळल्या जाण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच उरते. आणि त्या स्वतंत्र आहेत, हे गृहीतकही तपासून घ्यावे: एकाच शहरातील दोन दुकानांवर पाऊस एकाच वेळी पडतो.

सर्वोत्तम दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवणे

दहा आराखड्यांचा खरा नफा समजा सारखाच, २०,००० रुपये आहे, आणि प्रत्येकाच्या अंदाजात १,००० रुपये प्रमाण विचलनाची (सरासरीभोवतीच्या पसरणीच्या मापाची) स्वतंत्र, प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या आलेखाने वाटलेली) चूक आहे. त्यांतील सर्वांत चांगला दिसणारा आराखडा सरासरीने सुमारे २१,५४० रुपये दाखवेल. निवड करण्याच्या क्रियेतूनच फुगवटा येतो. स्मिथ आणि विंकलर यांनी २००६ मध्ये त्याचे सविस्तर विश्लेषण केले. गुंतवणुकीत याचा फटका मोठा असतो. पैसा कोणत्या शेअरमध्ये किती घालावा हे ठरवण्याच्या मार्कोविट्झ यांच्या १९५२ च्या पद्धतीत अपेक्षित परतावा अंदाजाने घालावा लागतो, आणि ज्या शेअरचा अंदाज चुकून जास्त आला आहे त्याच्याकडेच यंत्र पैसा ओतते. डीमिगेल, गार्लापी आणि उप्पल यांनी २००९ मध्ये अशी १४ प्रारूपे सात माहितीसंचांवर तपासली, तेव्हा सर्व मालमत्तांत समान रक्कम वाटण्याच्या ढोबळ नियमाला त्यांतील एकही सातत्याने मागे टाकू शकले नाही.

म्हणून शक्यतांच्या ज्या नमुन्यावर आराखडा काढला, त्याच नमुन्यावरचा नफा कुणाला सांगू नये. शक्यतांचा काही भाग आधीच बाजूला ठेवावा, ठरलेला साठा त्यांच्यावर चालवून पाहावा आणि तोच आकडा अहवालात द्यावा. नमुना बदलून आराखडा पुन्हा काढल्यावर साठा ९०० वरून १३०० वर उडी मारत असेल, तर नमुना अपुरा आहे. साठा हलतो पण नफा जागचा हलत नाही असे दिसले, तर मात्र काळजी नको. नफ्याच्या आलेखाचा माथा सपाट आहे, आणि त्यातील जो साठा करायला सोयीचा तो घ्यावा.

सॉल्व्हरने ‘उत्तर नाही’ असे सांगितले, तर बहुधा एखादी अट प्रत्येक शक्यतेत शंभर टक्के पाळण्याचा हट्ट धरलेला असतो. त्या अटीत तुटीचा एक चल घालून त्याला खरा खर्च लावावा. अवाढव्य दंड लावू नये. त्याने इतर सर्व खर्च झाकले जातात आणि आकडेमोडीची अचूकताही ढासळते. मागणी १४०० वर गेली आणि शेवटचे २०० जण रिकाम्या हाती परतले, तर दुकानाचे नेमके किती नुकसान होते, हा आकडा दुकानदाराला विचारूनच घालावा लागतो.