माइनक्राफ्टमधलं मांजर शेवटी पाळीव झालं

कोथरूडला भाचा सुट्टीला आलाय, त्याला गेममध्ये मांजर पाळायचं होतं, आणि आम्ही दोघं तीन दिवस जंगलात ऑसेलॉटच्या (ठिपकेवाल्या रानमांजराच्या) मागे मासे घेऊन फिरत होतो. मासा खातो, डोक्यावर लाल बदामही (हार्ट) येतात, पण मागे काही येत नाही! मग कळलं की मासे देऊन ऑसेलॉटचं मांजर करणं आता जुनं झालं, २०१९ च्या १.१४ अपडेटपासून ऑसेलॉट फक्त आपल्याला घाबरायचा थांबतो, त्याचं मांजर होत नाही, मांजरं गावात भटकी फिरतात.

मग गाव शोधलं. कच्चाच कॉड किंवा सॅल्मन लागतो, भाजलेला चालत नाही. मासा हातात धरायचा आणि अजिबात हलायचं नाही, मान पण वळवायची नाही. भाचा श्वास रोखून बसलेला, ते काळं-पांढरं मांजर दोन पावलं पुढे, परत थांबायचं, परत पुढे. "मामा, हलू नको ना!" दर माशाला साधारण तीनात एक चान्स असतो त्यामुळे चार-पाच जवळ ठेवाच, आमचं चौथ्याला जमलं, गळ्यात लाल पट्टा आला. आता ते दाराशी बसवलंय, क्रीपर (जवळ येऊन फुटणारे गेममधले राक्षस) मांजराला घाबरतात म्हणून घराजवळ फिरकत नाहीत.