सांताक्रूझला ९४४, कुलाब्याला ७३: शहराचा हवामान आराखडा करताना या चुका टाळा

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३. दोन्ही ठिकाणं एकाच शहरातली, मधे जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. दोन आकड्यांची सरासरी काढली तर ५०८ येते, आणि तेवढा पाऊस त्या दिवशी यांपैकी कुठेच पडला नव्हता.

आजही शहरांच्या हवामान आराखड्यांचे (बदलत्या हवामानाला शहर कसं तोंड देणार, याच्या योजनांचे) मसुदे वाचताना मला हे आकडे आठवतात, कारण पहिल्याच प्रकरणात बहुतेक वेळा अशी सरासरी दिलेली असते: शहराचा वार्षिक पाऊस इतका, कमाल तापमान इतकं, येत्या काळात वाढ इतकी. त्यावर सगळा डोलारा उभा. खाली लिहिलेल्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. पालिकेत काम करणारे, नगरसेवक, वॉर्डातल्या नागरिक मंचाचे कार्यकर्ते, कुणालाही त्या मसुद्यात शोधता येतील.

शहराला एकच आकडा लावणं

२००५ नंतर मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्रांचं जाळं उभारलं. त्यामुळे आज अंधेरीत तासाभरात किती पडला आणि भायखळ्यात किती, हे वेगवेगळं कळतं. तुमच्या शहरात असं जाळं नसेल तर आराखड्यातली पहिली मागणी तीच असायला हवी. तोवर शाळा, पाण्याच्या टाक्या आणि अग्निशमन केंद्रांच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद ठेवली तरी दोन पावसाळ्यांत शहराचा खरा चेहरा दिसू लागतो. पण जाळं उभारताना मात्र नोंद तासाची मागा. दिवसभरात १०० मिलिमीटर रिमझिम पडला तर गटारं तो वाहून नेतात. तोच दोन तासांत पडला तर रस्त्यांच्या नद्या होतात. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि तोही ओहोटीच्या वेळचा हिशेब. ही क्षमता ताशी ५० वर नेण्याची शिफारस १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात, म्हणजे मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या अहवालात, झाली. ते काम अजून पूर्ण झालेलं नाही.

पाऊस मोजला, ऊन मोजलं, माणूस राहिला

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक आहे.

जोखीम तीन गोष्टींची बनते. संकट काय आहे, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि वाटेत असलेल्याची ते सोसण्याची ताकद किती आहे. बहुतेक आराखडे पहिल्या गोष्टीवर चाळीस पानं लिहितात, दुसरीवर चार, आणि तिसरीवर एक परिच्छेद: ‘दुर्बल घटकांची विशेष काळजी घ्यावी.’ दुर्बल म्हणजे कोण, कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर, पत्र्याखाली की स्लॅबखाली, याचा पत्ता नसतो.

अहमदाबादने हे वेगळ्या रीतीने केलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर झालेल्या अभ्यासात त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. उष्माघात अशी नोंद त्यातल्या फारच थोड्यांच्या दाखल्यावर झाली असेल. कुणाचं हृदय बंद पडलं, कुणाची किडनी गेली. म्हणून अभ्यासकांनी दाखल्यावरचं कारण न शोधता रोजचे एकूण मृत्यू आणि रोजचं तापमान शेजारी ठेवलं. त्यातून २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. त्यात इशाऱ्याच्या पायऱ्या ठरल्या, आणि पंचेचाळीस अंशांना लाल इशारा आला.

त्याच शहरातली शारदाबेन रुग्णालयाची गोष्ट मला आकड्यांपेक्षाही महत्त्वाची वाटते. तिथे बाळंतपणाचा कक्ष सगळ्यांत वरच्या मजल्यावर, काळ्या डांबरी गच्चीच्या थेट खाली होता. नवजात बाळं उष्णतेने आजारी पडत होती. कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि तो त्रास कमी झाला. त्यासाठी कुठलंही नवं तंत्रज्ञान लागलं नाही. तापमानाच्या नकाशावर ‘रुग्णालय’ असा ठिपका टाकून न थांबता कुणीतरी जिना चढून वर गेलं, म्हणून हे कळलं.

मात्र अहमदाबादचा आराखडा जसाच्या तसा उचलून कोकणपट्टीत लावू नका. पंचेचाळीस अंश मुंबईत कधी होणार? दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. हवामान विभागही किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांचा धरतो, मैदानी भागासाठी ४० चा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर एका मोठ्या जाहीर कार्यक्रमानंतर डझनाहून अधिक माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. उन्हाचा तडाखा, दमटपणा, तासन्‌तास बसून राहणं, पाण्यापर्यंत पोचता न येणं, हे सगळं एकत्र आलं. म्हणून उंबरठा ठरवताना आपल्या शहराचे मृत्यू, आपल्या शहराची आर्द्रता आणि आपल्या शहराचं रात्रीचं तापमान घ्या. रात्री पत्र्याचं घर थंड झालं नाही तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला तोंड द्यायला शरीरात काही उरत नाही.

प्रभागातल्या आशा सेविकांना आणि अंगणवाडी सेविकांना बोलवा. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा कुठल्या घरात आहेत, डायलिसिसवर कोण आहे, गरोदर कोण आहे, हे त्यांना पाठ असतं. ही माहिती उपग्रहाच्या चित्रातून येत नाही.

तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं धरणं

पाणी कुठे तुंबतं याचा नकाशा बऱ्याचदा नियंत्रण कक्षाकडे आलेल्या तक्रारींवरून काढतात. सोसायटीचे सचिव दहा मिनिटांत फोन करतात, फोटो पाठवतात. नाल्याकाठच्या वस्तीत लोक आधी धान्याचे डबे वर ठेवतात, लेकरं शेजारच्या माडीवर पोचवतात. फोन करायची वेळ येते तेव्हा पाणी ओसरलेलं असतं. काहींना तर भीती असते की तक्रार केली तर अतिक्रमण विभागाचेच लोक येतील. नकाशावर मग पक्क्या इमारतींचा भाग लाल दिसतो आणि नाल्याकाठ हिरवागार. निधी लालकडे जातो.

यावर उपाय स्वस्त आहे. पाऊस संपल्यावर महिनाभराच्या आत वस्तीत फिरा. भिंतीवर पाण्याची खूण असतेच, तिच्यावर खडूने रेघ ओढा, टेपने उंची मोजा, फोनवर ठिकाण टिपा. घरातल्या बाईला विचारा की पाणी कुठल्या बाजूने शिरतं आणि किती वाजेपर्यंत राहतं. ‘किती तास’ हा प्रश्न विसरू नका. गुडघाभर पाणी अर्धा तास राहणं आणि घोटाभर पाणी बारा तास राहणं यांत दुसऱ्याचं नुकसान कधी कधी जास्त असतं.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’चा चुकीचा अर्थ लावणं

आपल्याकडे निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा पूर येऊन गेला की आता पंचवीस वर्षं निवांत. खरा अर्थ असा की दरवर्षी तो पूर येण्याची शक्यता ४ टक्के असते, आणि गेल्या वर्षी काय झालं याच्याशी तिचा संबंध नसतो. निळ्या रेषेवर घर घेऊन २० वर्षांचं कर्ज काढलं, तर हप्ते फिटायच्या आत एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के भरते. म्हणजे निम्म्याहून जास्त. लाल रेषेवरही याच काळात ती १८ टक्क्यांच्या आसपास आहे. आराखड्यात हे असं, कर्जाच्या हिशेबात लिहा. नगरसेवकांनाही कळतं, रहिवाशांनाही.

शिवाय हे गणित जुन्या पावसावरचं आणि जुन्या नदीपात्रावरचं आहे. पुण्यात मुठेची निळी रेषा सुमारे ६० हजार क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी धरून आखलेली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून साधारण ३५ हजार क्युसेक सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. खाली ओढ्यांचं पाणीही मिळालं होतं, हे खरं. पण पात्रात भराव, राडारोडा आणि बांधकामं आली की कागदावरची रेषा तिथेच राहते आणि पाणी तिच्यापुढे जातं. नदीचे आडवे छेद (ठिकठिकाणची पात्राची रुंदी आणि खोली) दर काही वर्षांनी नव्याने मोजायला हवेत.

नदीइतकंच लक्ष ओढ्यांकडे द्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात माणसं वाहून गेली ती मुख्यतः आंबिल ओढ्याच्या पट्ट्यात. वर्षभर कोरडा दिसणारा हा ओढा बऱ्याच पुणेकरांच्या लेखी गटारच होता.

पाऊस एका फायलीत, भरती दुसऱ्या, धरण तिसऱ्या

हवामान विभागाकडे पाऊस, बंदर विभागाकडे भरती, जलसंपदाकडे धरण, पालिकेकडे गटारं. संकट मात्र सगळ्यांना घेऊन एकदम येतं. २६ जुलैला दुपारी मुंबईत साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. पातमुखं (जलवाहिन्या समुद्राला मिळतात ती तोंडं) समुद्राच्या पातळीखाली गेली की पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागतं. म्हणून तर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपाने पाणी बाहेर टाकणारी उदंचन केंद्रं बांधावी लागली. चिपळूणला वाशिष्ठीत डोंगरावरचं पाणी उतरतं, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणी उतरतं आणि खालून भरती चढते. २२ जुलै २०२१ ला शहर बुडालं त्या दिवसाचा विचार यातलं एकच काही धरून करता येत नाही.

सुरत याबाबतीत शिकण्यासारखं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठच्या या शहराचा मोठा भाग बुडाला. त्यानंतर पालिका, जलसंपदा खातं, उद्योजक आणि शिक्षणसंस्था एका टेबलावर आल्या, हवामान बदलासाठी स्वतंत्र न्यास उभा राहिला, आणि धरणाच्या वरच्या खोऱ्यातल्या पावसापासून शहरातल्या गल्लीपर्यंत जोडलेली इशारा व्यवस्था तयार झाली. तुमच्या मसुद्यात ‘समन्वय साधला जाईल’ असं वाक्य असेल तर तिथेच थांबा आणि विचारा: धरणावरून फोन कोण करणार, पालिकेत कोण उचलणार, रात्री दोन वाजता कोण उचलणार, आणि त्यानंतर वस्तीत भोंगा वाजेपर्यंत किती मिनिटं लागणार?

कर्बवायूंचं उत्सर्जन कमी करणं म्हणजेच तयारी, असं मानणं

विजेवरच्या बसगाड्या, सौर छप्पर, एलईडी दिवे. हे सगळं हवं. पण त्याने यंदाच्या पावसात कुणाचं घर कोरडं राहणार नाही. दोन्ही कामांची यादी आणि निधी वेगळा दाखवा. नाहीतर एकाच्या आकड्याखाली दुसरं झाकलं जातं.

एकाला वाचवताना शेजाऱ्याला बुडवणं

नाल्याच्या एका काठाला संरक्षक भिंत बांधली की पाणी समोरच्या काठावर जातं. रस्ता दर वेळी जुना थर न खरवडता नव्याने केला की दोन-तीन थरांनंतर कडेची दुकानं आणि चाळींचे उंबरे रस्त्याच्या खाली जातात. हे तर प्रत्येक शहरात दिसेल. झाडं लावली आणि बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं की मुळं गुदमरतात आणि पहिल्या वादळात तेच झाड रिक्षावर पडतं. कुठल्याही उपायाला मंजुरी देण्याआधी अडवलेलं पाणी आता कुठे जाईल, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. परळच्या हिंदमाताला पालिकेने भूमिगत टाक्या केल्या, त्या याच प्रश्नाचं एक उत्तर आहे: भरती उतरेपर्यंत पाणी साठवायचं, मग सोडायचं.

आराखडा झालाय, पण हलत नाही

ही अडचण सगळ्यांत जास्त विचारली जाते. तेव्हा मी आधी आराखड्यातल्या प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी आहेत का ते पाहतो: पदनाम, लेखाशीर्ष, तारीख. ‘संबंधित विभाग’ हे पदनाम नाही. लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं, नसेल तर लेखा विभाग पैसे देऊच शकत नाही, त्यांची इच्छा असली तरी. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि पुढे २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्पाचा वेगळा अहवाल काढला. कुठल्या विभागाच्या कुठल्या कामात हवामानाचा हिस्सा किती, हे त्यातून एका जागी दिसू लागलं. लहान महापालिकेने एवढा मोठा अहवाल काढायची गरज नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एक जादा रकाना पुरेसा आहे.

दुसरं, मोजमाप कशाचं करता ते तपासा. ‘इतके किलोमीटर नालेसफाई, इतके टन गाळ’ हे केलेलं काम झालं. त्याचा उपयोग झाला का, हे खडूच्या रेघेवरून कळतं: गेल्या वर्षी याच भिंतीवर पाणी कुठवर होतं आणि किती तास होतं, यंदा किती. विकास आराखड्याशी ताळा जुळतो का तेही बघा. हवामान आराखडा ज्या जागेला पाणी मुरवायची जागा म्हणतो, तिथेच विकास आराखड्यात निवासी आरक्षण असेल, तर जिंकणार विकास आराखडा, कारण कायद्याचा आधार त्याला आहे. हरकती-सूचनांच्या मुदतीत ती जागा नावानिशी, सर्व्हे नंबरानिशी मांडा.

आणि वेळ पाळा. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प सहसा फेब्रुवारीत मांडला जातो, पण विभागांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी जमा होतात. म्हणजे पाऊस परतला की दिवाळीच्या धामधुमीतच खडूच्या रेघा मोजून, फोटो लावून, खर्चाच्या अंदाजासह कागद प्रभाग कार्यालयात द्यायला हवा. आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन प्रत आपल्याकडे ठेवा.