बंगला असो वा दवाखाना, आधी जिना आखा

आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात बंगला, शाळा, दवाखाना अशी कामं एकाच टेबलावर असतात. नव्या मुलांना मी एलेव्हेशनला (इमारतीच्या दर्शनी बाजूच्या चित्राला) हात लावू देत नाही; आधी जिना. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे घरात रायझर, म्हणजे पायरीची उंची, १९० मिमीपर्यंत चालतो, ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची रुंदी, किमान २५०. शाळा-दवाखान्यात तेच १५० आणि ३००. मजला ३ मीटरचा धरा: घरात १६ रायझर, शाळेत २०. म्हणजे नुसत्या ट्रेडची लांबीच जवळपास दोन मीटरनं वाढली, लँडिंग (मधला सपाट टप्पा) वेगळं. जुना बंगला दवाखान्याला देताना नेमकं इथंच घोडं अडतं, आणि मालक म्हणतात, ‘फक्त रंग मारायचाय!’

मग रॅम्प. १:१२ उतारानं, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी धरून, ४५० मिमी जोत्याला ५.४ मीटर लागतात. दारासमोर मावत नसेल, तर दार हलवा.