छातीत धडधडतंय? आधी नाडी मोजा, मग गॅस म्हणा

जेवण होऊन तास झालेला नसतो, पोट टम्म फुगलेलं असतं, ढेकर अडकल्यासारखा वाटतो आणि छातीत धडधडायला लागतं. घरात कुणीतरी म्हणतंच, "गॅस झालाय, ओवा चाव." बऱ्याचदा ते खरंही असतं. तरी नाडी न बघता तसं ठरवू नये. हार्ट अटॅकही कधीकधी, विशेषतः मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायकांमध्ये, नुसती जळजळ, मळमळ आणि घाम घेऊन येतो.

म्हणून आधी हे बघा: छातीवर दाब, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, धाप, चक्कर येऊन पडणं. यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

नसेल तर बसा आणि नाडी बघा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दुसऱ्या हाताची तीन बोटं हलकी टेकवा. अंगठ्याने बघू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि गल्लत होते. पूर्ण ६० सेकंद मोजा आणि मोजताना पायाने ठेका धरा. ऑक्सिमीटर आकडा दाखवेल, पण ताल चुकतोय का हे तुमच्या बोटांना जास्त नीट कळतं.

ठेका धरता येतोय, नाडी १०० ते १३० च्या आसपास आहे, हळूहळू वाढली आणि हळूहळूच उतरतेय, तर हे बहुधा भीतीचं किंवा भरल्या पोटाचं आहे. ठेका नीट चालू असताना मध्येच एक ठोका गळतो आणि पुढचा धाडकन बसतो, तेव्हा प्रत्यक्षात ठोका गळलेला नसतो. एक ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर हृदय क्षणभर थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. हृदय निरोगी असेल तर असे अधूनमधून पडणारे ठोके सहसा निरुपद्रवी असतात. मात्र बटण दाबल्यासारखी धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, बसल्याजागी नाडी १५० च्या वर जात असेल, किंवा ठेकाच धरता येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला तर निदान सोपं होतं, थांबल्यावरचा ईसीजी पुष्कळदा अगदी नॉर्मल येतो.

पोटाचा यात काय संबंध? फुगलेलं जठर छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं आणि हृदय त्या पडद्यावरच टेकलेलं असतं. मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची एकच नस हृदयालाही जाते आणि जठर-आतड्यांनाही. त्यात माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो, उसासे टाकतो, नकळत हवा गिळतो. त्या हवेने पोट आणखी फुगतं, धडधड वाढते, भीती वाढते. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं.

ताठ बसा, आडवे होऊ नका. पट्टा, साडीची किंवा सलवारीची नाडी सैल करा. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत घ्या, पोटावर ठेवलेला हात पुढे आला पाहिजे. मग गरम चहावर फुंकर घालतो तसा, ६ मोजेपर्यंत, ओठांतून सोडा. असं ५ मिनिटं. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येत असतील तर श्वास जास्त घेतला जातोय, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालाय. सोडणं आणखी लांबवा, पण तोंडावर पिशवी धरू नका. कोमट पाणी घोट घोट प्या. सोड्याची फसफसणारी पुडी इथे टाळा: ती पोटातच वायू तयार करते, म्हणजे आधीच ताणलेलं जठर आणखी ताणलं जातं, शिवाय त्यातलं सोडियम बीपीवाल्यांना चालत नाही. १० मिनिटांनी नाडी पुन्हा मोजा, एकदाच. दर दोन मिनिटांनी मनगट चाचपणं म्हणजे भीतीला खतपाणी.

रोजच्या सवयींमध्ये सगळ्यात जास्त फरक रात्रीच्या जेवणाने पडतो. जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवा, दोन घास कमी जेवा आणि सावकाश शतपावली करा. उपवासाचा दिवस खास सांभाळा. सकाळपासून रिकाम्या पोटी तीन चहा आणि दुपारी एकदम ताटभर साबुदाण्याची खिचडी, दाण्याच्या कुटासकट, ही धडधडीची पक्की तयारी आहे. तंबाखू आणि मिश्रीतलं निकोटिनही नाडी वाढवतं. डाव्या कुशीवर झोपल्यावर आम्लपित्त वर येणं कमी होतं, पण हृदय छातीच्या भिंतीजवळ येऊन ठोके जास्त जाणवतात. अशा वेळी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन ती बाजू ६ इंच उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि उलटा त्रास होतो.

गोळ्यांबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. पित्तासाठी पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं आणि त्यानेच ठोके चुकू लागतात. तिच्याबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषध असेल तर आणखी जपा. डोम्पेरिडोन हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतं. काळजीसाठी दिलेलं एसिटालोप्राम, अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक, फ्लुकोनाझोल यांच्याबरोबर हा धोका वाढतो. पोटाचा डॉक्टर एक देतो, मनाचा दुसरं देतो आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र कुणी बघतच नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, मनाने एकही बंद करू नका. जुलाब-उलट्यांनंतर धडधडत असेल तर पोटॅशियम गेलेलं असू शकतं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा.

दोन आठवडे वही ठेवा: वेळ, काय आणि किती वेळापूर्वी खाल्लं, नाडी, ताल, सुरुवात एकदम की हळूहळू, शौचाला झालं का, मनात काय चाललं होतं. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ईसीजीबरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायचं का ते विचारा. धडधड रोज येत असेल तर २४ तासांच्या होल्टरबद्दलही, म्हणजे अंगावर बांधून दिवसभर ईसीजी टिपणाऱ्या छोट्या यंत्राबद्दल. सगळं नीट निघालं आणि भीती तरी जात नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.