सुटलेल्या रुग्णांमधले मृत्यू मोजताना: सीमाभागातल्या नवख्यांसाठी

एआरटी केंद्राचा, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्राचा, हिशोब मांडताना नवखा हमखास इथे फसतो. महिनोन्महिने न आलेल्या रुग्णापुढे 'एलएफयू' (लॉस्ट टू फॉलो-अप, म्हणजे सुटलेला) लिहायचं आणि कॅपलान-मायर आलेखातून, म्हणजे काळागणिक किती जण जिवंत राहिले ते दाखवणाऱ्या आलेखातून, त्याला शेवटच्या भेटीच्या तारखेला बाहेर काढायचं. म्हणजे तो नियमित येणाऱ्यांइतकाच जगतोय, असं आपण धरून चालतो. पण माणूस कित्येकदा मेला म्हणूनच यायचा थांबलेला असतो. 2009 साली 17 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माग लागलेल्यांपैकी साधारण 40 टक्के वारलेले निघाले. पण कुठे 12 टक्के, कुठे 87. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना आणू नये.

सगळ्यांना शोधणं होत नाही, तेव्हा थोड्यांनाच पण कसून शोधायचं. समजा 1000 रुग्ण, नोंदलेले मृत्यू 60, सुटलेले 200. या 200 मधून चिठ्ठ्या टाकून 40 निवडा. सोपे पत्ते उचललेत तर यादीत बेळगाव शहरच येईल, खानापूरच्या जंगलातल्या वाड्या राहतील. समजा 32 जणांचा ठाव लागला आणि त्यांत 8 वारलेले, म्हणजे चौथा हिस्सा. 200 चे झाले 50, एकूण मृत्यू 110. दर 6 नव्हे, 11 टक्के. न सापडलेले आठही जिवंत धरले तर 10, आठही गेले धरले तर 14. अहवालात तिन्ही आकडे द्या.

आपल्याकडची खरी मेख सीमेची. निपाणी-चिकोडीचा रुग्ण न सांगता गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला औषध सुरू करतो. ओळखीचं कुणी भेटू नये, हेही एक कारण. तिथे नाव मराठीत, इथे कन्नडात, वयात दोन वर्षांचा फरक. नुसत्या नावावर जुळवणी करू नका. गाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, औषध सुरू झाल्याचा महिना असं तिन्ही ताडा. मृत्यूचं उलटं होतं. नोंद राहत्या गावी होत नाही, माणूस जिथे गेला तिथे होते. अथणीचा रुग्ण मिरजेच्या दवाखान्यात वारला तर कर्नाटकच्या ई-जन्ममध्ये, म्हणजे तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या संगणक प्रणालीत, तो सापडणार नाही. 'नोंद नाही' म्हणजे 'जिवंत' असं लिहिलंत की दर पुन्हा खाली आला.

घरी जाताना संस्थेचं नाव रंगवलेली गाडी नको, शेजाऱ्याकडे चौकशी नको. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय आजार उघड करता येत नाही, आणि फोन नंबर पुष्कळदा शेजाऱ्याचाच असतो. 'गोव्याला कामाला गेलाय' हे उत्तर फार मिळतं. प्रत्यक्ष बोलणं झालं किंवा दुसऱ्या केंद्राने दुजोरा दिला, तरच जिवंत धरा. मृत्यूची तारीख घरच्यांना आठवत नसेल तर चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेआधी की नंतर, साखर कारखान्याचा पट्टा पडला (गाळप संपलं) होता का, असं विचारा; महिना निघतो. आणि माहिती कोणी दिली, आईने, जावेने की पोराने, याचा रकाना रिकामा सोडू नका.