नीसला पोराबाळांसकट जाताय? आधी दगडांचं बघा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसचे फोटो बघून सगळ्यांना वाटतं निळंशार पाणी आणि मऊ वाळू. पाणी निळंच आहे, त्यात खोट नाही, पण वाळू नाहीये हो. सगळे गोल गुळगुळीत गोटे, आणि उन्हाळ्यात दुपारी ते असे तापतात की अनवाणी चार पावलं टाकणं मुश्कील. आम्ही पहिल्या दिवशी बादली-फावडं घेऊन ऐटीत उतरलो, धाकट्याने दगडांत फावडं खुपसून बघितलं आणि मग जे भोकाड पसरलं ते थेट हॉटेलवर येईपर्यंत. त्यामुळे पहिली खरेदी पाण्यात घालायच्या रबरी सोलच्या बुटांची, अगदी आजी-आजोबांसकट सगळ्यांना. साध्या स्लीपर नकोत, लाटेत निघून जातात. बसायलाही नुसता टॉवेल पुरत नाही, खाली काहीतरी जाड घ्या.

पण दगडांचं एक वेळ चालेल, खरी काळजी उताराची आहे. इथे पाणी हळूहळू खोल होत नाही, काठापासून थोडंसं पुढे गेलं की एकदम गळ्याशी येतं, आणि लाट मागे जाताना पायाखालचे गोटेही सरकतात, मोठ्या माणसाचा तोल जातो तर लहानांचं काय. पोहता न येणाऱ्या मुलांना फ्लोट जॅकेट घालूनच काठावर न्या आणि हात सोडू नका. आधी झेंडा बघायचा, हिरवा असेल तर ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही आणि जांभळा म्हणजे पाणी खराब आहे किंवा त्रासदायक समुद्री जीव आहेत. जेलीफिश चावलाच तर चोळू नका, बाटलीतलं गोडं पाणी तर मुळीच ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि लाइफगार्डकडे न्या.

वाळूच हवी असेल (आणि मुलांना ती हवीच असते) तर एक दिवस ट्रेन पकडा. व्हिलफ्रांश-सुर-मेर दहा मिनिटांच्या आत येतं, उजवीकडच्या खिडकीत बसा, स्टेशनच्या अगदी खालीच बीच आहे आणि खाडीमुळे लाटा कमी. वाळू जरा जाडीभरडी आहे पण किल्ले होतात! एकदम बारीक वाळू आणि उथळ पाणी पाहिजे तर उलट दिशेला ज्वां-ले-पँ, तिकडे थोडा जास्त वेळ लागतो. ऑगस्टमध्ये दोन्हीकडे मरणाची गर्दी, सकाळी लवकर निघा. जमत असेल तर सप्टेंबर बेस्ट, पाणी तेव्हाही छान कोमट असतं.

नीसमध्येच दुपार घालवायची तर प्लास मासेना या मोठ्या चौकाशेजारचं पाण्याचं आरशासारखं अंगण, मिरवार दो. फरशीतून 128 कारंजी उडतात, पाणी जेमतेम तळवे बुडतील इतकं, आमची पोरं समुद्रापेक्षा इथेच जास्त रमली. कपड्यांचा एक जास्तीचा जोड बॅगेत ठेवा म्हणजे झालं.

सासूबाईंचं मन मात्र समुद्राकाठच्या प्रोमनाडवर बसलं. सुमारे 7 किलोमीटरचा सपाट रस्ता, 1820 च्या दशकात इथे हिवाळा काढायला येणाऱ्या इंग्रजांनी सुरू केलेला, म्हणून नाव प्रोमनाद देझांग्ले. निळ्या खुर्च्या आहेत, फुकट बसा. किल्ल्याच्या टेकडीवर जायला लिफ्टही फुकट आहे, पायऱ्यांना घाबरू नका. फक्त मुलांना आधीच सांगून ठेवा की वर किल्ला नाहीये, चौदाव्या लुईने 1706 मध्ये पाडून टाकला, आता धबधबा, खेळायची जागा आणि झकास व्ह्यू आहे.

शाकाहारी असाल तर सोक्का तुमचाच. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं मोठ्ठं धिरडंच म्हणा ना, गरम असतानाच खा, गार झालं की मजा गेली. पिसालादिएरला फसू नका, वरून कांद्याचा पिझ्झा दिसतो पण त्यात अँचोवी मासा असतो. पां बान्या म्हणजे गोल पावाचं सँडविच, त्यातही मासा असतोच. आणि जेवणाच्या वेळा पाळा बरं का, दुपारी दोन-अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद होतं ते थेट सातला उघडतं, मधल्या वेळेसाठी मुलांचा खाऊ जवळ ठेवा. पाण्याची बाटली विकत मागवायची गरज नाही, 'कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. तोंडातून पहिला शब्द 'बोंजूर' निघाला पाहिजे, नाहीतर वेटर बघतही नाही.

एअरपोर्टवरून टॅक्सी कशाला, ट्राम लाइन 2 थेट शहरात येते.

आणि हो, बाळ झोपलेलं असेल तर रोज दुपारी बारा वाजता टेकडीच्या आसपास नको, तिथे तोफेचा आवाज होतो, आमचं दचकून उठलं ते परत झोपलंच नाही.