टँक आणला की लगेच मासे सोडू नका, आधी सायकल करा (म्हणजे माशांच्या घाणीतलं विष संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वाढवा)

माझे पहिले सहा गप्पी आठवड्यात गेले, दुकानदार म्हणाला होता पाणी भरा, एक दिवस फिल्टर चालवा, झालं. नाही होत तसं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात (तेही विषारीच), दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बऱ्यापैकी चालून जातं. हे बॅक्टेरिया मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढतात आणि त्याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

तर नळाचं पाणी भरा, अँटिक्लोरीन टाका कारण क्लोरीन बॅक्टेरियाच मारतं, फिल्टर २४ तास चालू, हीटर २७-२८ डिग्रीवर. मग अमोनियम क्लोराईड टाकून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्या, नसेल मिळत तर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, वास येतो पण काम होतं. दर दोन दिवसांनी लिक्विड टेस्ट किटने तपासा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राईट चढेल आणि तिथेच बरेच दिवस अडकून बसेल, इथेच लोकांचा धीर सुटतो. अमोनिया संपला की परत थोडा टाकत राहा.

२ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले की झालं. निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि थोडेच मासे सोडा.

ओळखीच्या कुणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा, ओलाच, आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, सायकलचे खूप दिवस वाचतात. आणि तो नळाखाली धुऊ नका प्लीज.